नवीं पिल्लें व जुनें खुराडें

खेड्यांतील बहुतेक घरीं परसांत पांच-सात कोंबड्या असतात. त्यांतील एखादी मुंगसानें नेली, एखादी बाजारांत विकली गेली, एखादी पाहुण्यांच्या कामास आली, म्हणजे कळप लहान होतो. आणि मग घरची बाई बाजारांतून किंवा सरकारी उबवणी केंद्रांतून कांहीं नवीं पिल्लें आणविते. गांवठी मिळालीं तर तीं, नाहीं तर बंगळूरकडील गिरिराज अथवा हैदराबादकडील वनराज जातीचीं. पिल्लें थोडीं मोठीं झालीं म्हणजे एके सायंकाळीं तीं जुन्या कोंबड्यांबरोबर एकाच खुराड्यांत कोंडिलीं जातात. सकाळीं दार उघडून पाहावें, तों एकाचें डोकें रक्तानें माखलेलें, दुसरें कोपऱ्यांत तोंड खुपसून बसलेलें, आणि तिसरें दाण्याजवळ येण्यास धजत नाहीं. शेजारीण येते, पाहते व म्हणते, “अगं, कोंबड्यांची रीतच ही. चार दिवस टोचतील, मग आपोआप एक होतील.”

ह्या एका वाक्यांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे, व त्याचाच आज आम्ही वाचकांबरोबर विचार करूं इच्छितों. जें स्वाभाविक आहे तें योग्यही आहे काय? एखादी गोष्ट सर्वत्र आढळते, एवढ्यावरून ती तशीच चालूं द्यावी असें ठरतें काय? आणि ज्यानें नव्यास जुन्यांमध्यें आणिलें, त्याच्यावर कांहीं कर्तव्य येतें कीं नाहीं? प्रश्न कोंबड्यांचा आहे म्हणून तो क्षुल्लक मानूं नये. ज्या तर्कानें आपण परसांतील न्याय ठरवितों, त्याच तर्कानें पुष्कळदा घरांतील व गांवांतीलही ठरवितों.

प्रथम, शेजारणीच्या म्हणण्यांत सत्य किती आहे तें पाहूं. कारण तिचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. नॉर्वे देशांतील थोर्लीफ श्येल्डेरूप-एब्बे नांवाच्या गृहस्थांस लहानपणापासून कोंबड्या न्याहाळण्याचा छंद होता. कोणती कोंबडी कोणास टोचते व कोण निमूटपणें बाजूस सरते, हें ते बारकाईनें पाहत. १९२२ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष जर्मन भाषेंत प्रसिद्ध केले, आणि “टोचण्याचा क्रम” ही कल्पना जगास मिळाली. प्रत्येक कळपांत कोणी पहिली, कोणी दुसरी, असा मान ठरलेला असतो. वरची खालचीस टोचते, खालची वरचीस टोचीत नाहीं. कधीं कधीं हा क्रम सरळही नसतो. पहिली दुसरीस टोचते, दुसरी तिसरीस, आणि तिसरी उलट पहिलीसच टोचते. हा क्रम एकदां ठरला म्हणजे भांडणें फार कमी होतात. नुसती मान उंचावली कीं दुसरी बाजूस होते, व दाणे सर्वांच्या पोटांत जातात. परंतु नवें पाखरूं आलें कीं हा सर्व हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तेव्हां क्रम असणें स्वाभाविक आहे, व त्यानें कळपांत एक प्रकारची शांतताही राहते, हें खरें.

परंतु येथेंच थांबून एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्या घरच्या कोंबडीचे मूळ पूर्वज तांबडे रानकोंबडे होत. ते हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या रानांत आजही राहतात. त्यांच्यांतही टोचाटोची आहे. तथापि रानांत हरलेल्या पाखरास एक उपाय नेहमीं मोकळा असतो: तें पळतें. झुडपांत शिरतें, फांदीवर जातें, लांब जाऊन चरतें. जिंकणाऱ्यासही तेवढेंच पुरतें; हरलेला दृष्टीआड झाला म्हणजे त्याचें काम संपलें. आपल्या खुराड्यांत हें होत नाहीं. चार हातांच्या जागेंत हरलेलें पिल्लूं वारंवार त्याच चोचीसमोर येतें. तें पळूं पाहतें, पण पळण्यास वाट नाहीं. ती वाट कोंबडीनें बंद केलेली नाहीं. ती आपण बंद केली आहे.

म्हणून “ही कोंबड्यांची रीतच” हें म्हणणें अर्धेंच खरें ठरतें. टोचणें ही कोंबड्यांची रीत आहे. परंतु टोचून टोचून मारणें हें पुष्कळदा कोंबडीची रीत व आपलें कुंपण ह्या दोहोंचें मिळून फळ असतें. ज्या कामांत आपला हात आहे त्याचा सर्व बोल निसर्गाच्या माथीं मारणें हा प्रामाणिकपणा नव्हे. कोंबडीस दोष देऊं नये, कारण तिला ह्याहून अधिक समजत नाहीं. पण ज्यानें कुंपण घातलें, दार लाविलें व पिल्लूं आंत सोडिलें, त्यास समजतें. आणि ज्यास समजतें त्याच्यावरच कर्तव्य येतें.

आतां ह्याच्या उलट बाजूची एक चूक आहे, तीही सांगितली पाहिजे. कांहीं दयाळू माणसें टोचाटोची पाहून संतापतात, हातांत काठी घेतात, व जी कोंबडी टोचील तिला हाणतात. त्यांची इच्छा अशी कीं, पहिल्या दिवसापासून सर्वांनीं एकत्र, सारखें व प्रेमानें राहावें. ही इच्छा चांगली आहे, परंतु ती जिवांच्या स्वभावाचा विचार करीत नाहीं. काठीनें कोंबडी बिथरते, पण शिकत नाहीं; आणि काठी धरणारा शेतावर गेला म्हणजे नव्या पिल्लांवर दुप्पट संकट येतें. घाईनें केलेला मिलाफ हा कित्येकदा उपेक्षेइतकाच घातक होतो. “आपोआप होईल” असें एक म्हणतो, “आजच झालें पाहिजे” असें दुसरा म्हणतो; आणि दोघेही जें खरें काम आहे, म्हणजे मधली वाट बांधणें, तें टाळितात.

ती वाट अशी आहे. नवीं पिल्लें आणिल्यावर निदान तीन-चार आठवडे तीं जुन्यांपासून अगदीं वेगळीं, दूर ठेवावीं. सकाळीं प्रथम जुन्या कळपाचें दाणापाणी करावें, मग नव्यांचें, आणि हातपाय धुवावे. कारण रोग डोळ्यांस दिसत नाहीं. मानमोडी, जिला कुमाऊंतील गांवावरून राणीखेत रोग असेंही म्हणतात, ती एकदां शिरली म्हणजे गांवचीं गांवें रिकामीं करिते. हिची पहिली लस पिल्लूं पांच-सात दिवसांचें असतांना डोळ्यांत अथवा नाकांत थेंब टाकून देतात, व दुसरी आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचून देतात. बाजारचीं पिल्लें घेतांना ही चौकशी अवश्य करावी. भीति एकाच बाजूनें आहे असेंही नाहीं. जुन्या परसाच्या मातींत रक्ती हगवणीचे जंतु असतात. जुन्या कोंबड्यांस त्यांची संवय झालेली असते, कोंवळ्या पिल्लांस नसते. तेव्हां हें वेगळेपण दोघांच्याही रक्षणाचें आहे.

परंतु वेगळेपण म्हटलें म्हणजे आपल्या देशांतील मनुष्याच्या मनांत दुसऱ्याही गोष्टी येतात, व त्या याव्याच. वेगळें ठेवणें केव्हां न्याय्य व केव्हां अन्याय्य? आमच्या मतें ह्याच्या दोन खुणा आहेत. पहिली मुदत. ज्या वेगळेपणास ठरलेला शेवटचा दिवस आहे, तो सावधपणा. ज्यास शेवटचा दिवस नाहीं, तो बहिष्कार. दुसरी खूण पोषण. वेगळें ठेविलेल्यास जर जुन्याइतकेंच किंवा अधिक चांगलें दाणापाणी, ऊब व लक्ष मिळत असेल, तर तो सांभाळ आहे. आणि वेगळें ठेवून जर उरलेंसुरलें टाकिलें जात असेल, तर तो तिरस्कार आहे, मग त्यास नांव कोणतेंही द्या.

मुदत संपली म्हणजे दुसरी पायरी. नव्यांस जुन्यांच्या दृष्टीसमोर आणावें, पण मध्यें जाळी असावी. तारेची जाळी नसेल तर बांबूचा कूड किंवा मोठें डालगें चालेल. आठ-दहा दिवस दोन्ही पक्षांनीं एकमेकांस पाहावें, ऐकावें, जाळीच्या दोहों बाजूंस एकाच वेळीं दाणे खावे. जाळींतून चोंची मारण्याचे प्रकार पहिल्या दिवशीं पुष्कळ होतील, आणि आठव्या दिवशीं बहुधा थोडे. नवें पाखरूं कधींही एकटें सोडूं नये. निदान दोन-तीन असावीं, म्हणजे सर्व चोंची एकाच डोक्यावर पडत नाहींत. लहान पिल्लांस मोठ्यांत ढकलूं नये. तीं तीन-चार महिन्यांचीं होऊन जुन्यांच्या जवळजवळ अंगाचीं झालीं, तलंगा दिसूं लागल्या, म्हणजे योग्य वेळ आली. पुष्कळ लोक त्यांस रात्रीं अंधारांत दांडीवर नेऊन बसवितात. कोंबडीस अंधारांत दिसत नाहीं, म्हणून रात्र शांततेनें जाते, हें खरें. पण खरा हिशेब पहाटे उघडतो. म्हणून रात्रीं बसविणारानें उजाडतांना तेथें हजर असलें पाहिजे.

येथवर आम्हीं नव्यांचा कैवार घेतला. परंतु न्याय एकाच बाजूचा नसतो. जुन्या कोंबड्यांचेंही गाऱ्हाणें आहे. त्यांची दांडी, त्यांचें घमेलें, त्यांचा उकिरडा. त्यांत कोणी विचारल्याशिवाय वाटेकरी आणिले. जागा तीच, दाणे तेच, तोंडें मात्र दुप्पट. अशा वेळीं त्यांचा राग हा नुसता दुष्टपणा नव्हे. त्यास उपाशी राहण्याच्या भीतीची धार असते. म्हणून ज्यास नव्यांवर दया करावयाची आहे त्यानें आधीं जुन्यांची सोय पाहावी. पिल्लें आणण्यापूर्वीं खुराडें वाढवावें. दर पाखरामागें निदान दोन चौरस फूट जमीन व दांडीवर वीतभर जागा असावी. दाण्याचीं भांडीं एकाऐवजीं दोन-तीन, एकमेकांपासून दूर. पाण्याचेंही तसेंच, म्हणजे एकीनें एक भांडें अडविलें तरी दुसरें मोकळें राहतें. परसांत एखादा ओंडका, कडब्याच्या दोन पेंढ्या, पालथी पाटी ठेवावी, कीं जिच्याआड पिल्लास दडतां येईल. रानांतील झुडपाची उणीव थोडी तरी भरून निघते. चाऱ्याचीही एक बाब आहे. अंडीं देणाऱ्या कोंबडीच्या तयार खाद्यांत चुना शेंकडा साडेतीन-चार असतो; वाढत्या पाखरास शेंकडा एकाच्या सुमारास पुरतो, आणि अधिक दिल्यास त्याचे मूत्रपिंड बिघडतात. म्हणून एकत्र आल्यावर सर्वांस वाढत्या पिल्लांचें खाद्य द्यावें, व शिंपल्यांचा चुरा निराळ्या भांड्यांत ठेवावा. ज्या कोंबड्यांस गरज आहे त्या आपण होऊन खातात. लहानाच्या पोटास सोसेल तें सर्वांपुढें, आणि मोठ्याची अधिक गरज बाजूस, पण हाताशीं: ह्या व्यवस्थेंत कोणाचेंच नुकसान नाहीं.

एवढें करूनही टोचणें होईलच. तें सर्व थांबविण्याचा प्रयत्न करूं नये. मग हात केव्हां घालावा? आमच्या मतें दोन प्रश्न विचारावे. टोचलेल्या पाखरास बाजूस होतां आलें काय? आणि त्या दिवशीं त्याच्या पोटांत दाणापाणी गेलें काय? दोहोंचें उत्तर होकारार्थी असेल तर तो क्रम ठरत आहे, पाहत राहावें. एकाचेंही उत्तर नकारार्थी असेल, किंवा रक्त आलें असेल, तर तो क्रम नव्हे, छळ आहे. तेथें क्षणभरही थांबूं नये. रक्ताचा लाल रंग दिसला कीं ज्या कोंबड्यांचें कांहीं वैर नाहीं त्याही येऊन टोचूं लागतात. एकीच्या छळांत दहा जणी केव्हां सामील झाल्या हें कळतही नाहीं.

आणि येथें एक अशी गोष्ट आहे कीं जिचा विचार फार थोडे करितात. छळ झाला म्हणजे कोणास बाहेर काढावें? बहुतेक लोक मार खाणाऱ्यास काढितात; तें सोपें वाटतें. जखमी पाखरास जखम भरेपर्यंत काढणें भागच आहे, व काढावेंच. परंतु जें पाखरूं पुष्कळ दिवस बाहेर राहतें तें परत आल्यावर पुन्हा नवखेंच ठरतें, व त्याचें दुःख मुळापासून सुरू होतें. म्हणून अनुभवी लोक टोचणारीस तीन-चार दिवस बाहेर काढितात. तिच्या गैरहजेरींत बाकीच्यांचें एकमेकांशीं जमतें, आणि ती परत येते तेव्हां तीच थोडी परकी असते, व तिचा ताठा उतरलेला असतो. तिला मारावें लागत नाहीं, उपाशी ठेवावें लागत नाहीं. वेगळेपणाचा भार कोणी सोसावा, ज्याला मार बसला त्यानें कीं ज्यानें मारिलें त्यानें, एवढेंच ठरवावें लागतें. आणि तें ठरविणें हा न्यायाचा प्रश्न आहे.

कित्येक असेंही म्हणतील कीं, जी भांडून वर येते तीच बळकट, तीच अधिक अंडीं देणारी. दुबळीं गेलीं तर कळप सुधारतो. ह्या मताची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम म्यूर ह्यांनीं एकेक कोंबडी निवडण्याऐवजीं एका पिंजऱ्यांत राहणाऱ्या सबंध गटाचा हिशेब धरिला. ज्या गटांनीं मिळून अधिक अंडीं दिलीं व ज्या गटांतील कोंबड्या अधिक काळ जगल्या, त्यांचीच पुढची पैदास केली. त्यांचा वृत्तांत १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. कोंबड्यांच्या चोची छाटलेल्या नव्हत्या. तरी थोड्याच पिढ्यांत वर्षाकाठीं मरणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ६८ वरून ९ च्या खालीं आलें, आणि ठेविलेल्या दर कोंबडीमागें अंडीं ९१ वरून २३७ वर गेलीं. ह्यावरून काय दिसतें? जी एकटी वर चढते ती दुसऱ्याचें घेऊन चढलेली असूं शकते. तिचीं अंडीं आपण मोजितों. तिच्या धाकानें जीं दुसरींनीं दिलींच नाहींत, तीं कोणी मोजीत नाहीं.

आतां मनुष्याकडे वळूं. मनुष्य कोंबडी नव्हे, हें आम्ही जाणतों, आणि म्हणूनच ही तुलना मनुष्यास अधिक जड जाते. नवी सून घरांत येते. तिला पहिलें वर्षभर बोलणीं खावीं लागतात, आणि कोणी हटकिलें तर सासूबाई म्हणतात, “आम्हीं नाहीं का सोसलें?” वसतिगृहांत नवा मुलगा येतो. त्याची थट्टा छळापर्यंत जाते, आणि मोठीं मुलें म्हणतात, “आमचेंही असेंच झालें होतें.” ही रीत इतकी वाढली कीं महाराष्ट्रांत १९९९ सालीं तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. दुष्काळानें घर सोडून आलेलें कुटुंब गांवच्या कडेला पाल ठोकितें, आणि विहिरीवर त्याचा हंडा शेवटीं भरतो. सर्वत्र शेजारणीचाच तर्क: रीतच आहे, चार दिवसांत होईल.

“आम्हीं सोसलें” ह्या बोलण्याचें मात्र आम्हांस नेहमीं नवल वाटतें. ज्यास काट्याचें दुःख ठाऊक आहे त्यानें वाटेंतला कांटा उचलावा, कीं मागून येणारासाठीं जपून ठेवावा? काल खालीं असलेली कोंबडी आज वर चढली म्हणजे ती खालचीस टोचते, कारण कालचा आपला मार व आजचा दुसरीचा मार ह्यांचा मेळ घालण्याचें सामर्थ्य तिच्यापाशीं नाहीं. आपल्यापाशीं तें आहे. तें असून न वापरणें, ह्यास स्वभाव म्हणतां येणार नाहीं. आणि सुनेच्या, विद्यार्थ्याच्या किंवा परगांवच्या कुटुंबाच्या बाबतींतही तोच प्रश्न आधीं विचारावा: ह्याला बाजूस होण्यास वाट आहे काय? सुनेस माहेर दूर, मुलास वसतिगृहाची भिंत, गरीबास दुसरें गांव नाहीं. जेथें वाट नाहीं तेथें लहानशी टोचणीही मोठी होते, व पाहणाराची जबाबदारी तेवढीच वाढते.

कोणी हसून म्हणेल, “जी कोंबडी उद्यां हंडींत जावयाची तिच्यासाठीं एवढा खटाटोप कशास?” त्यास आमचें उत्तर असें कीं, आयुष्य लहान आहे म्हणून त्यांतील दुःख लहान होत नाहीं. उद्यां सुरी फिरणार म्हणून आजचे चार महिने भीतींत घालविण्याचा अधिकार कोणास मिळत नाहीं. शिवाय घरांतील मुलें हें सर्व पाहत असतात. दुबळ्यास टोचलें जात असतां मोठीं माणसें “रीतच आहे” म्हणून पाठ फिरवितात, हें जर मुलानें परसांत पाहिलें, तर शाळेंत त्याच्यापाशीं निराळ्या वागणुकीची अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें करावी?

तेव्हां पुढच्या वेळीं पिल्लें आणावयाची असतील तर आधीं जागा मोजा, जाळी नाहीं तर कूड तयार करा, दुसरें घमेलें शोधा, लशीची चौकशी करा, आणि वेगळें ठेवण्याचा पहिला व शेवटचा दिवस भिंतीवर लिहून ठेवा. हें काम मुलांच्या देखत करा, व कां करितां तेंही त्यांस सांगा. आणि त्याच आठवड्यांत आपल्या घरीं, आळींत किंवा शाळेंत जो कोणी नवा आला असेल, त्याचा हंडा कितवा भरतो, तें एकदां विहिरीवर उभे राहून पाहा.